न्हाणीघरातला गिझर आणि त्याचा पहारेकरी

दापोलीला मिनी महाबळेश्वर म्हणण्याची पद्धत आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे फूट उंचीवरचे हे पठार. पौषातल्या पहाटे पारा कधी कधी १० अंशांच्या आसपास उतरतो आणि कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्राचा तो आकडा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झळकतो. पर्यटक खूश होतात. आमच्या घरांत मात्र त्या आकड्याचा अर्थ एवढाच, की सकाळच्या एस.टी.ने कामावर निघालेल्याला, शाळेत जाणाऱ्या पोरीला आणि सांधे आखडलेल्या आजीला गरम पाणी हवे. ते पाणी पूर्वी बंबात तापत असे. आता ते बहुतेक घरांत विजेच्या गिझरमध्ये तापते.

बंब आणि गिझर यांत एक मोठा फरक आहे. बंबातले पाणी किती तापले हे घरातली बाई बघत होती. वाफ दिसली, तोटीखालच्या तपेल्यात बोट घालून पाहिले, की ती खालचे लाकूड मागे ओढायची. पाणी जास्त झाले तर त्याला वरून वाट होती, त्यामुळे बंब फुटल्याचे कुणी ऐकले नाही. गिझर ही मात्र चहूकडून बंद अशी टाकी. आत काय चालले आहे ते दिसत नाही, बोट घालता येत नाही. म्हणून कारखान्याने बाईच्या बोटाच्या जागी एक यंत्र बसवले आहे. त्याला थर्मोस्टॅट म्हणतात. पाणी ठरलेल्या अंशापर्यंत तापले की ते वीज तोडते, पाणी निवले की पुन्हा जोडते. त्याच्या मागे दुसरा पहारेकरी असतो, तो कटाऊट. पहिला झोपला तर दुसऱ्याने वीज तोडावी, अशी ही व्यवस्था.

हे सर्व आज लिहिण्याचे कारण असे, की हे दोन पहारेकरी बिघडले तर त्यांना दुरुस्त करण्याऐवजी कामावरून काढूनच टाकायची एक वाईट पद्धत आपल्याकडे पडली आहे. तिला बोलीत ‘डायरेक्ट करणे’ म्हणतात. पाणी तापत नाही म्हणून वायरमनला बोलावले जाते. तो टेस्टर लावतो, थर्मोस्टॅट गेला म्हणतो. नवा आणायला बाजारपेठेत जायचे, तोवर सकाळ मोडायची, म्हणून तो दोन वायरी सरळ एकमेकींना जोडतो आणि सांगतो, “वहिनी, आता डायरेक्ट केलाय, पाणी तापलं की बटण बंद करा.” पाणी फक्कड तापते. घर खूश होते. आणि त्या दिवसापासून त्या टाकीवर पहारा कुणाचाच राहत नाही.

वस्तीत फिरताना असे जोडलेले गिझर आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. एका घरी ताईंनी मोठ्या अभिमानाने सांगितले, की आमच्या गिझरला पाच वर्षे काही झाले नाही, फक्त लाल दिवा कधी विझत नाही. दिवा न विझणे हीच तर तक्रार आहे! त्या घरात चौथीतला मुलगा स्वतःच्या हाताने नळ सोडून आंघोळ करतो. आम्ही तेथेच बसलो आणि गिझर बंद करवला.

धोका किती असतो, ते आकड्यात पाहू. ४९ अंशाच्या पाण्याने मोठ्या माणसाची कातडी खोलवर भाजायला पाच मिनिटांहून अधिक वेळ लागतो. ५४ अंशाला अर्धे मिनिट पुरते. ६० अंशाला पाचेक सेकंद. लहान मुलांची आणि म्हाताऱ्यांची कातडी पातळ, त्यांना याहूनही कमी वेळ पुरतो. आता डायरेक्ट केलेल्या गिझरचे पाणी ६० वर थांबत नाही, ते उकळीपर्यंत जाते. आणि टाकीवरचा सुरक्षा व्हॉल्व्ह गंजून बसलेला असेल, तर दाबाखालचे ते पाणी १०० अंशांच्याही पुढे जाते. अशी टाकी फाटली, की आतल्या पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटीहून अधिक जागा लागते. न्हाणीघराची पत्र्याची आणि चिऱ्याची भिंत त्यापुढे टिकत नाही.

घड्याळ लावून परीक्षा

थर्मोस्टॅट खरोखर बिघडला की दुसरेच काही, हे ओळखायला प्रथम स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही. घड्याळ, कागद आणि पेन्सिल पुरते. आमचा पिंड जमाखर्चाचा, त्यामुळे आम्हांला ही रीत विशेष आवडते.

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात. आता तुमचा गिझर १५ लिटरचा आणि २००० वॅटचा आहे असे धरा. हिवाळ्यात टाकीत येणारे पाणी २० अंशांचे आणि थर्मोस्टॅट ६० वर लावलेला. म्हणजे १५ लिटर गुणिले ४० अंश, ६०० किलोकॅलरी. भागिले ८६०, सुमारे ०.७० युनिट. २००० वॅटचा गिझर तासाला दोन युनिट खातो, म्हणजे २१ मिनिटे. याचा अर्थ, बटण दाबल्यापासून वीस-पंचवीस मिनिटांनी दिवा विझला पाहिजे. टाकी २५ लिटरची असेल तर याच हिशेबाने ३५ मिनिटे. तीन लिटरच्या आणि ३००० वॅटच्या छोट्या गिझरला तीन मिनिटेही लागत नाहीत.

आता गिझर पूर्ण निवल्यावर, म्हणजे सकाळी पहिल्या वेळी, बटण दाबून वेळ लिहून ठेवा. दिवा विझेल ती वेळ लिहा. मग बादलीत पाणी काढून तापमापीने मोजा. तापमापी म्हणजे तापाची काचकांडी नव्हे! ती ४२ अंशांच्या पुढे जात नाही, गरम पाण्यात फुटते आणि जुन्या कांडीतला पारा विषारी असतो. शाळेच्या प्रयोगशाळेत ११० अंशांपर्यंतची तापमापी असते, किंवा दूध-मिठाईच्या धंद्यात वापरतात ती चालते.

तीन दिवसांची नोंद झाली की कागदच बोलू लागतो. दिवा सात-आठ मिनिटांत विझला आणि पाणी कोमट निघाले, तर थर्मोस्टॅट लवकर वीज तोडतो आहे. आधी त्याचा काटा कुणी खाली फिरवून ठेवला नाही ना, ते पाहावे. घरात मुले असली की हे होते. दिवा तासभर विझलाच नाही आणि नळातून फुत्कारत वाफ आली, तर थर्मोस्टॅटचे आतले टोक चिकटून बसले आहे, वीज तुटत नाही. अशा वेळी नळ सोडायचा नाही. भिंतीवरचे बटण बंद करायचे, न्हाणीघरातून बाहेर यायचे आणि दोन-तीन तास टाकी निवू द्यायची. दिवा लागतच नसेल तर दोष बहुधा गिझरच्या बाहेर आहे. प्लग काढून त्याच्या पिना पाहा. काळ्या पडलेल्या किंवा वितळलेल्या पिना पाहिल्या, की निम्म्या तक्रारींचा उलगडा तेथेच होतो. २००० वॅटचा गिझर ८.७ अँपिअर ओढतो, ३००० वॅटचा १३ अँपिअर. त्याला १६ अँपिअरचे जाड पिनांचे सॉकेट लागते. मिक्सरच्या सॉकेटवर तो चालवला तर पहिले सॉकेट जळणार, गिझर नव्हे.

आणखी एक शक्यता आपल्या भागातल्या माणसाने विसरू नये. दिवा वेळेवर लागतो, पाणीही शेवटी तापते, पण २१ मिनिटांऐवजी ३४ मिनिटे लागतात. थर्मोस्टॅटला दोष देण्याआधी व्होल्टेज पाहावे. लांबच्या वाडीत, तारेच्या शेवटच्या टोकाला, संध्याकाळी सगळ्यांचे पंप आणि दिवे चालू असताना २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर गिझरची ताकद त्याच प्रमाणात घटत नाही, वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० भागिले २३०, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ०.६१. तुमचा २००० वॅटचा गिझर १२२५ वॅटचा झाला. अशा वेळी नवा थर्मोस्टॅट बसवून काही उपयोग नाही, पैसे मात्र जातात. उलटही घडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडात खांब आडवे केले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा मोडतोडीनंतर तारा जोडताना न्यूट्रल सैल राहिली, तर एखाद्या घरात व्होल्टेज एकदम चढते. घरातले बल्ब नेहमीपेक्षा लख्ख पेटलेले दिसले तर आनंद मानू नका. मेन स्विच बंद करा आणि वीज कार्यालयाला कळवा.

आत काय असते

वायरमन समोर बसून गिझर उघडतो तेव्हा घरच्यांनी, विशेषतः घरच्या बाईने, जवळ उभे राहून पाहावे. आपल्या वस्तीतल्या हॉलमध्ये आम्ही एक भंगारातला गिझर वर्तमानपत्रावर सुटा करून ठेवला होता. पंधरा-वीस भगिनी जमल्या होत्या. भाग ओळखायला त्यांना अर्धा तासही लागला नाही. शिलाई मशीन ज्यांनी उघडून तेलपाणी केले आहे, त्यांना यात अवघड असे काय असणार?

टाकीच्या खालच्या झाकणातून तांब्याची वेटोळी आत गेलेली असतात, ते एलिमेंट, ज्याला आपण कॉईल म्हणतो. त्याच्या शेजारी एक बारीक बंद नळी असते आणि त्या नळीत थर्मोस्टॅटची कांडी खुपसलेली असते. ही कांडी मोठी गमतीची आहे. बाहेरची नळी पितळेची, आत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची सळी. उष्णतेने पितळ लांबते, इन्व्हार जवळजवळ लांबत नाही. त्यामुळे पाणी तापले की पितळ आतल्या सळीला ओढते आणि सळी वरचे बटण कट्‌दिशी उघडते. इन्व्हारचा शोध चार्ल्स गिलोम या स्विस शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये लावला आणि या कामाबद्दल त्याला १९२० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे दोन-चारशे रुपयांच्या ज्या कांडीला आपण वायरीचा तुकडा लावून हाकलून देतो, ती नोबेलच्या मानाची आहे!

कांडी तपासायची रीत अशी. प्लग काढलेला, मुख्य बटण बंद, टाकी थंड. वायरमनने मीटर ओहमवर लावून थर्मोस्टॅटच्या दोन टोकांना लावला तर थंड अवस्थेत काटा शून्याजवळ यावा. नाही आला तर आतली जोडणी तुटली आहे. मग कांडी गरम पाण्याच्या भांड्यात धरावी. ठरलेल्या अंशाला कट्‌ असा आवाज येऊन मीटर तुटला पाहिजे. आवाज न येता मीटर शून्यावरच राहिला, तर टोके चिकटली आहेत. अशी कांडी घासून परत बसवू नये, नवी घ्यावी. कॉईलचेही मोजमाप त्याच वेळी घ्यावे. २००० वॅटच्या कॉईलला सुमारे २६ ओहम, ३००० वॅटच्या कॉईलला साडेसतरा. कॉईलचे टोक आणि टाकीचे लोखंड यांच्यामध्ये मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवले तर कॉईल फुटली आहे आणि पाण्यात वीज उतरते आहे.

आता आमच्या अनुभवात सर्वांत जास्त सापडलेला आणि सर्वांत कमी शोधला जाणारा दोष सांगतो. थर्मोस्टॅट चांगला असतो, फक्त तो जागेवर नसतो. मागच्या वेळी कुणी गिझर उघडला, झाकण लावताना कांडी नळीत अर्धीच गेली. अर्धी कांडी पाण्याचा नव्हे, वरच्या हवेचा ताप मोजते. ती थंडच राहते, म्हणून वीज तोडत नाही. पाणी तापत जाते, शेवटी कटाऊट उडतो, आणि घरचे म्हणतात कटाऊट खराब आहे. हाच प्रकार नळीवर क्षारांचा थर बसल्याने होतो. थर उष्णता अडवतो, कांडीला बातमी उशिरा पोचते. जांभ्याच्या विहिरींचे पाणी सहसा मऊ असते, पण बोअरवेलचे किंवा उन्हाळ्यात मचूळ होणारे किनाऱ्याकडचे पाणी भरणाऱ्या घरांनी दोन वर्षांतून एकदा गिझर उघडून साफ करवावा. त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडीही पाहावी. टाकीच्या लोखंडाऐवजी गंजून जायचे, एवढेच तिचे काम. ती संपली की टाकीचा नंबर लागतो.

कटाऊटबद्दल एक शब्द. काही गिझरमध्ये तो लाल बटणाचा असतो. टाकी निवल्यावर बटण दाबले की पुन्हा जोडला जातो. एकदा दाबावा. दुसऱ्यांदा उडाला तर दाबू नये, कारण तो उडाला म्हणजे थर्मोस्टॅटने आपले काम केलेले नाही, एवढे तो सांगतो आहे. काही गिझरमध्ये कटाऊट एकदाच वितळणारा असतो, तो बदलावाच लागतो. वायरमन म्हणाला, “ह्याची काही गरज नसते,” तर त्याला नम्रपणे सांगावे, दादा, आम्हांला गरज आहे. रागावण्याचे कारण नाही. ही मुले कुणा उस्तादाच्या हाताखाली पाहून पाहून शिकलेली, आणि गिऱ्हाईक घाई करते म्हणून तीही घाई करतात. भाग आणायला वेळ द्यावा, त्या दिवशी चुलीवर पाणी तापवावे, आणि त्याचे हात-पैसे कमी करू नयेत. डायरेक्ट करण्यामागे निम्मे कारण आपली घासाघीस असते.

अर्थिंगचे मात्र कुणाशीही भांडून करून घ्यावे. दापोलीची जमीन जांभ्याची. पावसाळ्यात भिजलेली असते तोवर ठीक, पण चैत्र-वैशाखात जांभा कोरडा ठणठणीत होतो आणि त्यात पुरलेली अर्थिंगची पट्टी नावापुरती राहते. तो खड्डा खोल घ्यावा, कोळसा-मीठ घालून भरावा आणि उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जावे. मीटरपेटीत ३० मिलीअँपिअरचा गळती-स्विच बसवला तर सर्वांत उत्तम. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या, तर तो दिवस आंघोळीचा नाही.

आकड्याचे गिझर आणि विलायतेतले बॉयलर

हल्ली अंश दाखवणारे गिझर आले आहेत, तसेच गॅसचे आणि सोलरचेही. त्यांत पितळेच्या कांडीऐवजी थर्मिस्टर नावाचा मण्याएवढा तुकडा असतो. त्यात हालत काही नाही. तापला की त्याचा विरोध कमी होतो, निवला की वाढतो, आणि आतले कार्ड त्या विरोधावरून अंश ठरवते. हा गुण मायकेल फॅरेडे यांनी १८३३ मध्ये चांदीच्या एका संयुगात प्रथम पाहिला. लोहाराचा हा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी करताना बांधायला आलेली पुस्तके वाचून शास्त्रज्ञ झाला. पुष्कळ यंत्रांत हा तुकडा २५ अंशाला १०,००० ओहम दाखवतो, ५० अंशाला साधारण साडेतीन ते चार हजार, ८० अंशाला हजार-दीड हजार. म्हणजे तो सुटा करून आधी साध्या आणि मग गरम पाण्यात बुडवून मीटर लावला, तर आकडा सरसर खाली आला पाहिजे. जागचा हलला नाही, किंवा मध्येच उडी मारली, तर तो गेला.

त्याच्या वायरी तुटल्या तर विरोध अमर्याद होतो आणि कार्डाला वाटते पाणी बर्फासारखे थंड आहे. वायरी एकमेकींना टेकल्या तर वाटते पाणी उकळते आहे. दोन्ही वेळा शहाणे यंत्र स्वतः बंद पडते आणि पडद्यावर अक्षर-आकड्याची एक खूण दाखवते. ती खूण पुस्तिकेत पाहावी. हर्णे, मुरूड, कर्दे, आंजर्ले या किनाऱ्याच्या गावांत थर्मिस्टरपेक्षा त्याचा जोड जास्त वेळा बिघडतो. खारा वारा पितळी पिनांवर हिरवी बुरशी चढवतो. प्लग काढून, पिना कोरड्या ब्रशने साफ करून घट्ट बसवल्या, की पुष्कळदा नवा तुकडा आणायची वेळच येत नाही.

गॅस गिझरबाबत मात्र आम्ही सौम्य शब्द वापरणार नाही. तो न्हाणीघरात लावूच नये, बाहेरच्या उघड्या पडवीत लावावा. दारे-खिडक्या बंद असलेल्या खोलीत जळणाऱ्या गॅसला प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. मुंबई, पुणे, नाशिक येथून न्हाणीघरात गुदमरून माणसे गेल्याच्या बातम्या हिवाळ्यात आपण वाचत आलो आहोत. त्यात थर्मिस्टरचा काही दोष नसतो.

आपली काही मुले इंग्लंडात नोकरीला गेली आहेत. तेथे पाण्याचा बॉयलर घरही तापवतो. गॅसवर पाणी तापते, पंपाने खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरमधून फिरते आणि परत येते. जाणाऱ्या पाइपावर एक थर्मिस्टर, येणाऱ्या पाइपावर दुसरा. जाणारे पाणी येणाऱ्यापेक्षा सहसा दहा-वीस अंशांनी अधिक गरम असायला हवे. कार्डाला हा फरक उलटा किंवा फार मोठा दिसला, की बॉयलर बंद पडतो. बाहेर बर्फ पडत असताना गावाकडे फोन येतो, की सेन्सर गेला असे दाखवते आहे. त्यांनाही हीच जमाखर्चाची रीत लागू पडते. पडद्यावरची खूण लिहून घ्यावी. दाबाचा काटा पाहावा. थंड असताना तो १ ते १.५ बारच्या दरम्यान असतो. रेडिएटर वरून थंड आणि खालून गरम लागत असेल तर आत हवा अडकली आहे, पाणी नीट फिरत नाही, आणि सेन्सर बिचारा खरेच सांगतो आहे. पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे एकदा बटण दाबून पाहावे. पुन्हा पुन्हा दाबू नये. झाकण उघडण्याचे काम मात्र त्या देशात नोंदणीकृत माणसाचेच. २००९ पासून तेथे गॅस सेफ रजिस्टर आहे, त्यात नाव असलेल्यालाच गॅसच्या उपकरणाला हात लावता येतो. भावा-भावांत ‘मी बघतो’ म्हणून ते करू नये.

बंद घरांसाठी

शेवटी चाकरमान्यांची गोष्ट. तालुक्यातल्या वाड्यावाड्यांतून वर्षाचे दहा महिने कुलूप असलेली घरे आहेत. कुटुंब गणपतीत येते, एप्रिल-मे मध्ये जयंतीला आणि सुट्टीला येते. मुंबईहून रात्रभराचा प्रवास करून पहाटे पोचायचे, दार उघडायचे आणि पहिले काम म्हणजे गिझर चालू करायचा. टाकीत पाणी असतेच असे नाही. कोरड्या टाकीत कॉईल दोन मिनिटांत लाल होते. कटाऊट जागा असेल तर तो उडतो, नसेल तर कॉईल फुटते. शिवाय बंद घरातल्या गिझरच्या झाकणाखाली मुंग्यांनी माती भरलेली असते, पाली असतात, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात.

म्हणून आल्यावर आधी गिझरचे बटण बंद आहे याची खात्री करावी. न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडून ठेवावा आणि मगच गच्चीवरच्या टाकीचा कॉक उघडावा. प्रथम हवा फसफसत येईल, मग गढूळ पाणी, मग स्वच्छ धार. धार अखंड पडू लागली, की नळ बंद करून बटण दाबावे आणि वेळ लिहावी. जाताना बटण नव्हे, प्लगच काढून ठेवावा. धार येत नसेल तर गिझरला हात न लावता शिडी घेऊन वर जावे आणि टाकीत डोकावून पाहावे.